इचलकरंजीचा यंत्रमाग उद्योग : लाभ आणि हानी

१९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजी जहागिरीत पहिला यंत्रमाग बसविला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचा त्यास आश्रय होता. गिरणी काढण्याइतके भांडवल नसलेल्या माणसालाही चार माग टाकून, व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून 'खर्चीवाला' म्हणून उभे राहता आले, हा या उद्योगाचा सर्वांत मोठा लाभ होय. मात्र सूत व बाजार व्यापाऱ्याच्या हाती राहिल्याने मंदीचा फटका प्रथम त्यालाच आणि पाठोपाठ कामगाराला बसत आला. पाळीभर कानी पडणाऱ्या खडखडाटाची दखल तर फारशी कोणी घेतलीच नाही.

कापडप्रक्रियेच्या रंगीत सांडपाण्याने पंचगंगा दूषित झाली. २०१२ च्या काविळीच्या साथीत माणसे दगावली. पण ही साथ मैलामिश्रित पाण्यातून पसरते, म्हणून तिचे खापर एकट्या उद्योगावर फोडणे उचित नाही. तथापि पंचगंगेकाठच्या या नगराला कृष्णेचे पाणी आणावे लागले.