बन्नी : एका कुरणाचा इतिहास

आपल्या इतिहासलेखनाला नांगरलेल्या जमिनीविषयी जेवढी आस्था वाटली, तेवढी चराऊ जमिनीविषयी वाटलेली नाही. शेताची मोजणी झाली, त्यावर सारा बसला, त्याचे तंटे कागदोपत्री उतरले. कुरण मात्र महसुली भाषेत बहुधा ‘पडीक’ ठरले. पडीक म्हणजे कोणाचेच नसलेले, असा अर्थ पुढे रूढ झाला. कच्छमधील बन्नीचा इतिहास पाहिला म्हणजे या अर्थातील चूक ध्यानी येते.

भुजच्या उत्तरेस, मोठ्या रणाच्या कडेला सुमारे २,५०० चौरस किलोमीटरांचे हे सपाट गवताळ मैदान पसरले आहे. जमीन खारवट, पाऊस थोडा आणि बेभरवशाचा. अशा भूमीची कायमची वाटणी कोणालाच परवडणारी नव्हती. जत, मुतवा, हालेपोत्रा आदी मालधारी समाजांनी कुरण अखंड ठेवले. ‘माल’ म्हणजे गुरेढोरे. ती बाळगणारा तो मालधारी. गवत असेल तिकडे कळप न्यावेत, दुष्काळात बन्नीबाहेर पडावे, ही त्यांची रीत. येथील म्हशी रात्री चरावयास जातात आणि सकाळी आपण होऊन परततात. संस्थानकाळी बन्नीत शेतीस मनाई होती. शेळ्यामेंढ्यांना बंदी होती आणि चराईवर कर घेतला जाई. दरबाराचा नियम व पशुपालकांची वहिवाट हेच या उघड्या मैदानाचे कुंपण होते. कळप हलता राहिल्याने धामण, झिंझवो यांसारख्या गवतांना उसंत मिळे. चांगल्या पावसात सखल भागांत पाणी साचे आणि तेथे पाणपक्ष्यांचे थवे उतरत. त्यांपैकी छारी-ढंढ हे पाणस्थळ २००८ साली संरक्षित म्हणून घोषित झाले.

१९५५ मध्ये बन्नीची नोंद ‘संरक्षित वन’ अशी झाली. गवताच्या प्रदेशास वनाचे नाव मिळाले, आणि वन म्हटले की झाडे हवीतच! रणाचा खारटपणा पुढे सरकू नये म्हणून १९६१ पासून सुमारे ३१,५५० हेक्टरांवर विलायती बाभूळ लावण्यात आली. हेतू वाईट नव्हता. परंतु गुरांनी गोड शेंगा खाल्ल्या, शेणातून बी सर्वत्र पसरले आणि त्या झाडाने गवताची जागा घेतली. कच्छमध्ये त्याला ‘गांडो बावळ’ म्हणतात. आपल्याकडेही त्याचे नाव ‘वेडी बाभूळ’ असेच आहे. त्या शेंगा गाईंना मानवल्या नाहीत, म्हशी टिकल्या. नद्यांवर धरणे झाल्याने गोडे पाणीही घटले. बाभळीच्या कोळशावर अनेकांची चूल पेटू लागली, त्यामुळे ती समूळ काढणेही सोपे राहिले नाही.

मालधाऱ्यांनी जोपासलेल्या बन्नी म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. ज्या कुरणावर ती घडली, त्यावरील त्यांचा हक्क मात्र अनिर्णीतच होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक चराईचा हक्क मान्य केला. तरी बन्नीत जमिनीला कुंपणे घालून नांगर चालविले जाऊ लागले. त्याविरुद्ध मालधाऱ्यांच्याच संघटनेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला आणि या सामूहिक वनाचे जतन करण्याचा मालधाऱ्यांचा अधिकार मान्य केला.

येथे पशुपालकांनी जमीन वाटून मागितली नाही, ती न वाटण्याचा आग्रह धरला. कुरण कोणाचेच नसते असे मानणाऱ्यांनी या मागणीचा अर्थ समजून घ्यावयास हवा.