क्यू बिड : ब्रिजमधील नियंत्रणदर्शक बोली

कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमध्ये हुकूम ठरल्यानंतर, स्लॅमचा अंदाज घेताना, दुसऱ्याच एखाद्या रंगाचे नाव घेऊन त्या रंगातले नियंत्रण भिडूला कळवणारी बोली. तो रंग खेळायची इच्छा तिच्यात नसते, त्यामुळे भिडूने तिच्यावर पास म्हणून थांबायचे नसते. प्रतिपक्षाने बोललेला रंग आपण बोलणे यालाही क्यू बिडच म्हणतात. ती निराळी, या नोंदीत तिचा विचार नाही.

स्लॅम म्हणजे १३ पैकी १२ (छोटा) किंवा सर्व १३ (मोठा) हात करण्याचा करार. छोट्याला परिस्थितीनुसार ५०० किंवा ७५०, मोठ्याला १,००० किंवा १,५०० जादा गुण मिळतात. प्रतिपक्षाने उतारी केलेल्या रंगाचा पहिलाच हात एक्क्याने घेता आला, किंवा तो रंगच नसल्याने हुकमाने कापता आला, तर ते पहिल्या फेरीचे नियंत्रण. राजा किंवा एकेरी पान असेल तर दुसऱ्या फेरीचे.

मीरा रोडहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकलमध्ये मांडीवर आडव्या ठेवलेल्या बॅगेवर डाव रंगतात ते बहुधा रमीचे, मेंढीकोटाचे. तीनशेचारमध्ये बोली असते, पण ती गुणांपुरती. भिडूला पान सुचवायचे तर खाकरणे, भुवई उडवणे, थोडक्यात नेत्रपल्लवी. आणि ती लबाडीच. ब्रिजमध्ये हेच काम उघडपणे, चौघांच्या देखत करायचे असते. त्यासाठी भाषा मिळते ती फक्त ३८ उच्चारांची: ३५ बोली, पास, डबल आणि रीडबल. त्याबाहेरची खूण गुन्हा. १९७५ च्या बर्म्युडा बोल या जागतिक स्पर्धेत टेबलाखाली पाय हलवण्यावरून दोन इटालियन खेळाडूंना ताकीद मिळाली होती. बोलीतून भिडूला जे कळते ते प्रतिपक्षालाही विचारता येते: या बोलीचा अर्थ काय, असे त्याने विचारले तर तो सांगावाच लागतो.

एक्के मोजण्याची सोय वेगळी आहेच. ईझली ब्लॅकवूड या अमेरिकन खेळाडूने १९३३ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत चार नोट्रम्प (बिनहुकूम) ही बोली ‘तुझ्याकडे एक्के किती?’ असे विचारते. पण किती यापेक्षा कुठे हा प्रश्न पुष्कळदा मोठा असतो. एक डाव पाहू.

पहिल्या खेळाडूकडे इस्पिक राजा-राणी-गुलाम-९-६-२, बदाम राजा-५, चौकट राणी-७, किल्वर एक्का-४-३. भिडूकडे इस्पिक एक्का-८-५, बदाम एक्का-७-३, चौकट गुलाम-६, किल्वर राजा-राणी-गुलाम-१०-८. इस्पिकाचे सहा, किल्वरचे पाच, बदामाचे दोन: हात मोजले तर तेरा भरतात! ब्लॅकवूड लावले तर चारपैकी तीन एक्के असल्याचे कळेल आणि कोणीही धीट माणूस सहा इस्पिक बोलेल. मग प्रतिपक्ष चौकटीचा एक्का आणि राजा लागोपाठ वाजवील व करार एका हाताने बुडेल.

क्यू बिडने हीच बोली अशी जाते: एक इस्पिक, दोन किल्वर, दोन इस्पिक, तीन इस्पिक. हुकूम ठरला. पहिला खेळाडू चार किल्वर म्हणतो: किल्वरात नियंत्रण आहे. भिडू चार बदाम म्हणतो. मधली चौकट त्याने गाळली, म्हणजे तिथे त्याच्याकडे काही नाही. पहिल्याकडेही नाही, म्हणून तो चार इस्पिकवर थांबतो. सारे काम त्या गाळलेल्या पायरीने केले. भिडूकडे चौकटीच्या गुलामाऐवजी राजा असता तर त्याने चार चौकट म्हटले असते आणि पुढे सहा इस्पिक बिनधोक झाले असते. तोटा एकच: चौकट उघडी आहे हे प्रतिपक्षालाही ऐकू येते. चारच्या करारात तो झेपतो.

आधी फक्त पहिल्या फेरीची नियंत्रणे दाखवायची, राजे मागाहून, अशी जुनी शिस्त होती. इटालियन शैलीत दोन्ही फेऱ्यांत भेद न करता सर्वांत खालच्या पायरीवरचे नियंत्रण आधी दाखवतात; वरचा डाव याच रीतीचा. ती अधिक उपयोगी, कारण वरील प्रकारचा अपघात तिच्यात लवकर उघडकीस येतो. एक अपवाद पाळावा: भिडूच्या लांब रंगात आपल्याकडे एकेरी पान असेल किंवा पानच नसेल तर ते नियंत्रण म्हणून मिरवू नये. भिडू तिथे चित्र शोधत असतो.

पुढची भर एरिक रॉडवेल आणि जेफ मेकस्ट्रॉथ या अमेरिकन जोडीची. रॉडवेलच्या पद्धतीत तीनच्या पायरीवर हुकूम ठरल्यावर बोललेले तीन नोट्रम्प ‘मी स्लॅमबद्दल गंभीर आहे’ असे सांगते. ते टाळून थेट दिलेली क्यू बिड केवळ सौजन्याची. मेकस्ट्रॉथच्या युक्तीचे नाव ‘लास्ट ट्रेन’.

भारतात ब्रिज वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला तो २०१८ मध्ये. जाकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोड्यांचे सुवर्णपदक जिंकले. कांस्यपदके मिळवणाऱ्या दोन संघांत मुंबईचे जग्गी शिवदासानी व हेमा देवरा होते. ‘पत्ते कुटतो’ असे ज्याच्याबद्दल घरात बोलले जाते त्याला त्या आठवड्यात जरा मान मिळाला असावा.

राहिली मेकस्ट्रॉथची ‘लास्ट ट्रेन’. या नावाचा अर्थ मीरा रोडच्या प्रवाशाला समजावून सांगावा लागणार नाही. हुकूम बदाम असेल तर चार बदामच्या लगत खालची बोली म्हणजे चार चौकट. तिचा चौकटीशी संबंध नसतो. ‘मला पुढे जायचे आहे, पण एकट्याने चार बदाम ओलांडण्याइतके बळ नाही’ एवढेच ती म्हणते. हे ठाऊक नसलेला भिडू तिथे चौकटीचा राजा गृहीत धरतो.