तैलखडू आणि माणसाचा चेहरा : एका शालेय रंगमाध्यमाचा इतिहास

प्रस्तावना

कलेच्या इतिहासात चित्रकार, शैली आणि आश्रयदाते यांचा विचार तपशिलाने होतो. चित्रासाठी वापरलेला रंग कशाचा बनलेला होता, तो कोणाला परवडत होता आणि कोणाच्या हाती पोहोचत होता, हे प्रश्न मात्र बहुधा मागे राहतात. तैलखडू, म्हणजे शाळांतून 'ऑइल पेस्टल' या नावाने ओळखले जाणारे माध्यम, हे याचे ठळक उदाहरण होय. लहान मुलांचे खडू अशीच त्यांची सर्वसाधारण ओळख असल्यामुळे कलेतिहासाच्या ग्रंथांत त्यांना क्वचितच स्थान मिळते. वस्तुतः या माध्यमाचा जन्म एका शैक्षणिक विचारातून झाला. मुलांनी छापील नमुन्याची नक्कल न करता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले चितारावे, हा तो विचार होय.

हा विचार कितपत साध्य झाला, याची सर्वांत कठोर कसोटी व्यक्तिचित्रणात लागते. झाड, घर, डोंगर सवयीने काढता येतात. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा सवयीने काढता येत नाही. या दृष्टीने प्रस्तुत लेखात तैलखडूंच्या निर्मितीचा इतिहास, व्यक्तिचित्रणासाठी असलेले त्यांचे गुणधर्म आणि रंगपेटीतील 'त्वचेचा रंग' या संकल्पनेने निर्माण केलेला प्रश्न यांचा विचार केला आहे.

१. दरबारी चेहरा : कोरड्या पेस्टलची परंपरा

तैलखडूंच्या आधी युरोपात कोरड्या पेस्टलची दीर्घ परंपरा होती. रंगद्रव्य, खडूची भुकटी आणि डिंकासारखा सौम्य बंधक यांपासून या कांड्या तयार होत. तैलरंगाप्रमाणे रंग वाळण्याची वाट पाहावी लागत नसल्याने बसणाऱ्या व्यक्तीचा वेळ वाचत असे. शिवाय कांतीचा मऊपणा या माध्यमात सहज उतरत असे. त्यामुळे अठराव्या शतकात व्यक्तिचित्रणासाठी ते विशेष लोकप्रिय झाले. व्हेनिसची चित्रकर्ती रोझाल्बा कॅरिएरा (१६७३-१७५७) हिने १७२० मध्ये पॅरिसला जाऊन बालराजा पंधरावा लुई याचे पेस्टल चित्र काढले आणि त्याच वर्षी तिला फ्रेंच अकादमीचे सदस्यत्व मिळाले. मॉरिस क्वांतँ द ला तूर (१७०४-१७८८) याने काढलेले मादाम द पाँपादूर हिचे पूर्णाकृती पेस्टल चित्र १७५५ च्या सालों प्रदर्शनात मांडले गेले. ते आज लूव्र संग्रहालयात आहे.

या परंपरेतील चेहरे प्रामुख्याने राजघराण्यांतील, सरदारांचे आणि धनिकांचे होते. अपवादही आढळतात. दृष्टी अधू झाल्यामुळे उतारवयात पेस्टलकडे वळलेल्या शार्दँ याने १७७१ मध्ये काढलेल्या आत्मचित्रात डोक्याला फडके गुंडाळलेला, नाकावर चष्मा असलेला एक साधा वृद्ध दिसतो. स्वतः ला तूर याने आपल्या साँ-क्वांतँ या जन्मगावी मोफत चित्रशाळा स्थापन करण्यासाठी धन दिले. एकोणिसाव्या शतकात देगा याने नर्तकी आणि टोप्या बनवणाऱ्या स्त्रिया पेस्टलच्या विषय केल्या. चित्रात येणाऱ्या माणसांचे वर्तुळ अशा रीतीने विस्तारत गेले. पण चित्र काढणाऱ्यांचे वर्तुळ तितकेसे विस्तारले नाही. कोरडे पेस्टल महाग, ठिसूळ आणि जपावे लागणारे होते. हात लागताच चित्र पुसले जाई. साठ मुलांच्या वर्गात देता येईल असे ते माध्यम नव्हते.

२. नक्कल की निरीक्षण : जपानमधील मुक्तचित्र चळवळ

हे वर्तुळ विस्तारण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जपानमध्ये झाला. त्याचे प्रणेते यामामोतो कानाए (१८८२-१९४६) हे होते. लाकडावरील कोरीवकामाचे कारागिरी शिक्षण घेतलेल्या यामामोतो यांनी १९०४ मध्ये एका कोळ्याचे मुद्राचित्र प्रसिद्ध केले. त्यापूर्वी जपानी मुद्राचित्रात रेखन, कोरीवकाम आणि छपाई ही कामे वेगवेगळ्या व्यक्ती करीत. यामामोतो यांनी मुद्राचित्राची ही सर्व निर्मिती स्वतःच्या हाती घेतली. आधुनिक जपानी सर्जनशील मुद्राचित्रणाचा आरंभ या चित्रापासून मानला जातो. पाहणारा डोळा आणि घडवणारा हात एकाच माणसाचे असावेत, हे सूत्र पुढे त्यांनी शिक्षणातही आणले.

१९१२ मध्ये ते फ्रान्सला गेले आणि १९१६ मध्ये रशियामार्गे परतले. मॉस्कोत त्यांनी मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन पाहिले आणि त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. त्या काळी जपानी शाळांत चित्रकला मुख्यतः छापील नमुना पुस्तकांवरून शिकवली जाई. नमुन्याशी जितके साम्य अधिक तितके चित्र चांगले, असे मूल्यमापन होते. यामामोतो यांनी या पद्धतीवर टीका केली. नागानो प्रांतातील कांगावा या गावी त्यांचे वडील वैद्यकीय व्यवसाय करीत. तेथील प्राथमिक शाळेत १९१८ च्या अखेरीस त्यांनी व्याख्यान दिले आणि एप्रिल १९१९ मध्ये त्याच शाळेत मुलांच्या मुक्तचित्रांचे प्रदर्शन भरले. १९२१ मध्ये 'मुक्तचित्र शिक्षण' या अर्थाच्या शीर्षकाचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुलाने निसर्ग, वस्तू आणि माणसे प्रत्यक्ष पाहून, आपल्या जाणिवेनुसार चितारावीत, हे या चळवळीचे मुख्य प्रतिपादन होते.

३. मेण, तेल आणि रंगद्रव्य

नवा विचार अमलात येण्यासाठी नवे साधन आवश्यक होते. शाळांत तेव्हा मेणाचे क्रेयॉन येऊ लागले होते. पण ते कठीण असून त्यांनी मुख्यतः रेघा ओढता येत. एका रंगावर दुसरा रंग चढत नसे आणि रंगांचे मिश्रण साधत नसे. मुक्तचित्र चळवळीच्या प्रभावातून १९२१ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे 'साकुरा' या नावाने प्रसिद्ध झालेल्या जपानी कंपनीने ही अडचण सोडवण्याचे प्रयत्न केले. त्यातून १९२५ मध्ये 'क्रेपास' बाजारात आले. क्रेयॉन आणि पेस्टल या दोन शब्दांच्या संयोगातून हे नाव तयार झाले आहे. क्रेयॉनचा हाताळण्यातील सोपेपणा आणि पेस्टलची मिश्रणक्षमता एकत्र आणणे, हे उद्दिष्ट या नावातच व्यक्त होते.

मेण आणि न वाळणारे तेल यांच्या बंधकात रंगद्रव्य मिसळून ही कांडी तयार केली गेली. आरंभी तापमानाचा प्रश्न मोठा होता. उन्हाळ्यात कांड्या मऊ पडत, तर हिवाळ्यात कडक होत. म्हणून प्रारंभीच्या काळात उन्हाळी आणि हिवाळी असे दोन स्वतंत्र प्रकार विकले जात. पुढे मिश्रणात सुधारणा झाल्यावर ही गरज उरली नाही.

व्यावसायिक चित्रकारांपर्यंत हे माध्यम नंतर पोहोचले. चित्रकार आंरी गोएत्झ आणि पाब्लो पिकासो यांच्या मागणीवरून पॅरिसमधील रंगनिर्माते आंरी सेनेलिए यांनी १९४९ मध्ये उच्च प्रतीच्या रंगद्रव्यांचे तैलखडू तयार केले. कागद, लाकूड, कॅनव्हास अशा कोणत्याही पृष्ठभागावर पूर्वतयारीविना काम करता यावे, अशी पिकासोची अपेक्षा होती. कलामाध्यमे सामान्यतः चित्रकाराच्या कार्यशाळेतून शाळेत उतरतात; तैलखडूंचा प्रवास मात्र शाळेतून कार्यशाळेकडे झाला, ही बाब लक्षणीय आहे.

४. तैलखडू आणि व्यक्तिचित्रण

तैलखडूला टोक नसते. त्यामुळे लहान आकाराच्या चित्रात पापण्या, ओठांची कड किंवा केसांची बट सूक्ष्मतेने काढता येत नाही. ही मर्यादा वरकरणी व्यक्तिचित्रणास प्रतिकूल वाटते. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने ती उपकारक ठरते. बारीक रेषेचा आधार नसल्याने विद्यार्थ्याला चेहरा प्रतलांत पाहावा लागतो. कपाळाचा प्रकाशित भाग, भुवईखालची खाच, गालाच्या हाडाचे वळण, नाकाची छाया आणि हनुवटीखालचा अंधार यांचे परस्परसंबंध प्रथम मांडावे लागतात. साम्य डोळ्यांच्या रेखीवपणापेक्षा या संबंधांतूनच अधिक साधते, हे त्याला कामातून उमगते.

दुसरे वैशिष्ट्य थरांचे आहे. एका रंगावर दुसरा रंग चढवणे, बोटाने किंवा फडक्याने मिसळणे, टर्पेंटाइनने पातळ करून पसरवणे आणि वरचा थर खरवडून खालचा रंग उघडा करणे या चारही क्रिया येथे शक्य असतात. गव्हाळ किंवा सावळी कांती रंगवताना गेरू, पिवळी माती आणि तपकिरी यांचा पाया घालून छायेत जांभळा, निळा अथवा गडद हिरवा आणि उजेडात नारिंगी वा गुलाबी चढवल्यास चेहऱ्याला सजीवता येते. याउलट केवळ तपकिरी रंगात पांढरा मिसळून उजेड आणि काळा मिसळून छाया दाखवल्यास कांती पिठूळ आणि मळकट दिसते. तैलखडूचा थर पूर्णपणे वाळत नाही. म्हणून पूर्ण झालेले चित्र काचेखाली ठेवावे लागते. हे दोष मान्य करूनही अनेक जपानी चित्रकारांनी या माध्यमात गंभीर काम केले आणि ओसाका येथील साकुरा कला संग्रहालयात अशा चित्रांचा संग्रह जतन झाला आहे.

५. 'त्वचेचा रंग' नावाची कांडी

येथे इतिहासातील एक विसंगती समोर येते. ज्या पेटीने मुलाला नमुन्यापासून मुक्त करायचे, त्याच पेटीत एक नवा नमुना शिरला. अनेक देशांतील रंगपेट्यांत फिकट गुलाबी-नारिंगी कांडीला 'त्वचेचा रंग' असे नाव दिले गेले. जपानमध्ये तिला 'हादाइरो' म्हणत. अमेरिकेत क्रेयोला कंपनीच्या पेटीतही याच अर्थाचे नाव होते. ते १९६२ मध्ये बदलून 'पीच' करण्यात आले. जपानी उत्पादकांनी २००० च्या आसपास 'हादाइरो'ऐवजी 'फिकट नारिंगी' या अर्थाचे नाव स्वीकारले.

दक्षिण कोरियातील घटनाक्रम विशेष उद्‌बोधक आहे. तेथे २००१ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे तक्रार दाखल झाली आणि २००२ मध्ये आयोगाने नाव बदलण्याची शिफारस केली. त्यानुसार फिकट नारिंगी या अर्थाचा चिनी मुळाचा शब्द योजला गेला. २००४ मध्ये काही मुलांनीच पुन्हा अर्ज केला. हा शब्द लहान मुलांना समजण्यास कठीण आहे, सबब तोही भेदभावच आहे, असा त्यांचा मुद्दा होता. २००५ मध्ये 'जर्दाळूचा रंग' या अर्थाचे सोपे नाव प्रमाणित झाले. रंगपेटी ज्यांच्यासाठी आहे त्यांनीच तिच्या भाषेविषयी बोलावे, ही गोष्ट मुक्तचित्र चळवळीच्या मूळ भूमिकेशी सुसंगत आहे.

नाव ही केवळ सोय आहे, त्यावरून वाद कशाला, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. परंतु नमुना पुस्तकाचे समर्थनही सोयीच्याच आधारे होत असे. 'त्वचेचा रंग' हाती असला की समोरच्या चेहऱ्याकडे पाहण्याची गरज संपते. आईचा, मित्राचा आणि स्वतःचाही चेहरा त्याच कांडीने रंगवला जातो.

६. महाराष्ट्राचा संदर्भ

भारतातही हा प्रश्न दूरचा नाही. 'स्किन' नावाच्या खडूविषयी बंगळूर येथील एका विधी शाखेच्या विद्यार्थ्याने २०१० नंतरच्या दशकात ग्राहक मंचाकडे दाद मागितली होती. महाराष्ट्रातील शाळांत 'स्किन कलर दे' ही मागणी वर्गात सहज ऐकू येते. १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या उत्पादनाने सुरू झालेल्या कॅम्लिनसारख्या उद्योगांनी रंगसाहित्य घरोघरी पोहोचवले. शासकीय रेखाकला परीक्षांतील स्मरणचित्रांत बाजार, सण, खेळ अशा विषयांच्या निमित्ताने असंख्य विद्यार्थी माणसांच्या आकृती काढतात. म्हणजे माणूस चितारण्याची संधी येथे विपुल आहे. प्रश्न पाहण्याचा आहे.

या पाहण्याला मराठी भाषेचा आणि परंपरेचा आधार मिळू शकतो. काळा, काळासावळा, सावळा, गव्हाळ, निमगोरा, गोरा अशी कांतीची सूक्ष्म श्रेणी मराठीत रूढ आहे. वारकऱ्यांचे दैवत सावळे आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत गोऱ्या, तांबूस, गव्हाळ आणि गडद सावळ्या कांतीच्या व्यक्ती एकाच दृश्यात शेजारी शेजारी दिसतात, आणि त्यांसाठी गेरू व पिवळी माती यांसारखी रंगद्रव्ये वापरलेली आहेत. तथापि विवाहविषयक जाहिरातींतून दिसणारे गोरेपणाचे आकर्षणही याच समाजाचे आहे. मुलाच्या हातातील फिकट कांडी या आकर्षणाला नकळत दुजोरा देते. स्वतःचे चित्र काढताना सावळ्या वर्णाची मुलगी आपला चेहरा त्या कांडीने रंगवते, तेव्हा प्रश्न रंगसंगतीपुरता उरत नाही; स्वतःकडे पाहण्याच्या तिच्या दृष्टीचा तो प्रश्न होतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. तैलखडू हे मुळात नक्कलप्रधान चित्रशिक्षणाला पर्याय देण्याच्या भूमिकेतून घडलेले माध्यम आहे. 'मुलांचे खडू' ही त्याची ओळख कमीपणाची नसून त्याच्या ऐतिहासिक उद्दिष्टाची निदर्शक आहे.

२. कोरड्या पेस्टलच्या परंपरेत चित्रविषय होणाऱ्या माणसांचे वर्तुळ वाढले. तैलखडूंनी चेहरा चितारणाऱ्यांचे वर्तुळ वाढवले.

३. टोकाचा अभाव आणि थर चढवण्याची क्षमता या गुणधर्मांमुळे चेहऱ्याची प्रतले आणि कांतीतील रंगभेद यांच्या अभ्यासासाठी हे माध्यम उपयुक्त आहे.

४. 'त्वचेचा रंग' या नावाने नमुन्याची सत्ता रंगपेटीत परत आली. नावे बदलल्याने दोषाचा एक भाग दूर झाला; उरलेला भाग अध्यापनानेच दूर होऊ शकतो.

शिक्षक प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत यासाठी वेगळ्या खर्चाची आवश्यकता नाही. वर्गातील विद्यार्थ्यांनी जोडीने समोरासमोर बसून, ती कांडी बाजूला ठेवून, एकमेकांच्या कांतीत कोणकोणते रंग दिसतात हे आधी सांगावे आणि मग चितारावे, इतका साधा उपक्रमही पुरेसा आहे. कांगावा येथील शाळेत १९१९ मध्ये जे घडले, त्याचे मर्म यापेक्षा फारसे वेगळे नव्हते.