पोलिश आणि मराठी: वळीवड्यात भेटलेल्या भाऊबंद भाषा

कोल्हापूरजवळच्या वळीवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुतेक बायका-मुले, इराणमार्गे येथे पोचली. शाळा, चर्च, नाटके असा त्यांचा सारा व्यवहार पोलिशमध्ये चाले. पंचगंगेकाठी परकी वाटावी अशी ही भाषा मराठीच्याच, म्हणजे इंडो-युरोपीय कुळातली.

या कुळाच्या स्लाव शाखेत पोलिश, चेक, रशियन येतात. इंग्रजी व जर्मन या जर्मानिक शाखेच्या, तर फ्रेंच व पोर्तुगीज लॅटिनच्या वंशजा. गोव्यात राहिलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे १५८३ मध्येच पत्रातून भावाला कळवले होते. पण या नात्याच्या अभ्यासाला चालना मिळाली ती विल्यम जोन्स यांच्या १७८६ च्या कोलकात्यातील व्याख्यानाने. १८१६ मध्ये फ्रान्झ बॉप यांनी क्रियापदांची रूपे ताडून त्याला शास्त्राची बैठक दिली.

नुसत्या नादसाम्यावर नाते ठरत नाही. फरकही नियमाने पडावा लागतो. मराठीचे मूळ असलेल्या संस्कृतातले महाप्राण पोलिशमध्ये अल्पप्राण दिसतात: भ्रातृ–ब्रात (भाऊ), नभ–न्येबो (आकाश), धूम–दिम (धूर). संस्कृत 'ह'च्या जागी अनेकदा 'झ' येतो: हिम–झिमा (हिवाळा), तसेच 'वह्' आणि 'वोझिच' (वाहून नेणे). शंभरासाठी संस्कृतात 'शत', पोलिशमध्ये 'स्तो'. लॅटिन 'केंतुम'मध्ये मात्र मूळचा क-ध्वनी टिकला. जर्मनही याबाबत लॅटिनच्याच गटात मोडते. म्हणजे या एका बाबतीत पोलिश आपल्या शेजारच्या जर्मनपेक्षा संस्कृतच्या बाजूला पडते, हे विशेषच.

युरोपातल्या सगळ्याच भाषा या कुळातल्या नाहीत. हंगेरियन, फिनिश, एस्टोनियन या उराली; बास्कला तर एकही जिवंत नातेवाईक नाही. इकडे कोल्हापूरच्या शिवेवरची कन्नड द्राविड कुळातली. तिच्याकडून मराठीने 'अक्का', 'अण्णा' असे घरगुती शब्द घेतले, पोर्तुगीजकडून 'पाव', 'चावी', 'बटाटा'. असे उसने शब्द कुळ ठरवताना बाजूला काढले जातात. आधी पाहिले जातात ते अंक, जवळची नाती आणि क्रियापदांचे प्रत्यय.