हौदातले फूल तळ्यात गेले

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या घरी दोन फुले हवीतच: दाराला झेंडू आणि देवीपुढे कमळ. झेंडू इतका घरचा, की तो मूळचा मेक्सिकोचा असे सांगितले तर वर्गातली मुले हसू लागतात. तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी, म्हणजे बहुधा आपल्या दिवाळीच्याच आगेमागे, लोक पितरांच्या स्मरणासाठी हीच पिवळी फुले घरोघर मांडतात. युरोपीय गलबतांनी समुद्र ओलांडला आणि झेंडू आपल्या देवघरात येऊन बसला. कमळ मात्र आमच्या तळ्यातले.

ही दोन फुले परडीत शेजारी दिसली, की मला तिसरे आठवते. ते मी स्वतः आणले होते. त्याचा हिशेब आज वाचकांपुढे ठेवायचा आहे.

भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळी कोहळी शेतकऱ्यांनी पाळी घालून पावसाचे पाणी अडवले; पुढे मालगुजारांच्या अमलात ही तळी नांदली. धानाला पाणी, ढिवरांना मासोळी आणि शिंगाडे, सणाला कमळ, एवढा संसार एका तळ्यावर चाले. १९५१ साली मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती. पण तळी सरकारजमा झाली आणि गाव मिळून जी पाळ बांधी, जो गाळ उपसी, त्या कामाला कोणी धनी उरला नाही. कागदोपत्री ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा’ तलाव झाले. मामा झाले खरे, पण भाचे फिरकेनासे झाले!

अशा दिवसांत, पंधराएक वर्षांपूर्वी, मला शाळेची बाग सजवण्याची हौस आली. एका रोपवाटिकेतून पाण्यावर तरंगणारी दहा रोपे आणली आणि अंगणातल्या हौदात सोडली. जांभळा तुरा, वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा डोळा! मुले मधल्या सुट्टीत हौदाभोवती गोळा होत. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर येऊन पाहतो, तो हौदात पाणीच दिसेना. फेकून द्यायला जीव होईना. म्हणून जास्तीची चार टोपल्या रोपे मी शाळेमागच्या बोडीत सोडली. पुण्य केल्यासारखे वाटले.

दोन पावसाळ्यांनी बोडीचे कुरण झाले. एके सकाळी आमच्या गावचे म्हातारे ढिवरबाबा शाळेच्या पायरीशी येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “फूल त साजरा हाये गुर्जी, पन मी शिंगाडे कोठी लावू?”

मला उत्तर देता आले नाही. ते फूल म्हणजे जलपर्णी. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; वनस्पतिशास्त्र मी शिकलो नाही. पण त्या दिवसापासून हिचा इतिहास मिळेल तेथून वाचू लागलो, आणि माझ्या चुकीचे वाडवडील मला जगभर भेटू लागले.

ही मूळची दक्षिण अमेरिकेची. १८८४ साली अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सला कापसाचे मोठे प्रदर्शन भरले. तेथे ही रोपे पाहुण्यांना भेट म्हणून वाटली, असे सांगतात. पुढे १८९० च्या सुमारास फ्लोरिडात कोणी हौशी बागवाल्याने हौदातली जास्तीची रोपे सेंट जॉन्स नदीत सोडली आणि नदीत नावा अडू लागल्या. जणू माझ्याच चार टोपल्या! बंगालात हीच वनस्पती शोभेसाठी आली, आणि तिने नाले, भातशेते आणि होड्यांचे मार्ग व्यापले. तेथे १९३६ साली तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला, आणि १९३७ च्या निवडणुकीत मोठ्या पक्षांनी स्वराज्याच्या गोष्टींबरोबर जलपर्णी काढण्याचेही वचन दिले. फुलासाठी निवडणूक लढवलेली आपण कोठे ऐकली आहे?

जंगलातही तीच कथा. आम्ही जिला रायमुनिया आणि पुण्याकडचे लोक घाणेरी म्हणतात, ती १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात शोभेचे कुंपण म्हणून आली. पाखरांनी तिची फळे खाल्ली, बी दूर नेले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील वाघांच्या मुलखाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग तिने ग्रासला आहे. तिच्याखाली गवत वाढत नाही. गवत नाही तेथे हरिण कशाला थांबेल? आमच्या तळ्यांतले गुलाबी फुलांचे बेशरमही असेच परदेशातून आलेले. फांदी रोवावी आणि कुंपण व्हावे, म्हणून लोकांनी ते लाविले. फांदी तळ्यात पडली आणि तेथेही रुजली.

मग परदेशी फूल वाईट म्हणावे काय? मुळीच नाही, तसे म्हटले तर आधी दारचा झेंडू काढावा लागेल. फरक मुलखाचा नाही. झेंडू दरवर्षी माणसाने पेरावा तेव्हा येतो, सोडून दिला तर मागे हटतो. जलपर्णी माणसाने सोडून दिली की पुढे सरकते. शिवाय आपण नद्यांत सांडपाणी सोडून तिला खुराक पुरवतो. नागपूरचा मैला नाग नदीतून कन्हानला आणि तेथून वैनगंगेला मिळतो. गोसेखुर्दच्या साचलेल्या पाण्यावर भंडाऱ्याजवळ जी हिरवी चादर दिसते, ती उगाच नव्हे.

युरोपीय संघाने २०१६ साली जलपर्णीची विक्री बंद केली. आपल्याकडे शोभेच्या झाडांचा धंदा वाढतो आहे, आणि तो वाढावा. त्यावर अनेकांची पोटे आहेत. पण कुंडीवर किंमत लिहितात, तसे हे झाड बागेत राहील की बाहेर जाईल, हेही लिहिले जावे. निदान गिऱ्हाइकाने विचारावे. मी विचारले नव्हते.

आमच्या बोडीची सफाई अजून संपलेली नाही. जलपर्णीचे बी गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहते; म्हणजे माझी शिक्षा माझ्या नोकरीएवढी लांब आहे. दर दसऱ्यानंतर वरच्या वर्गातली मुले, त्यांचे बाप आणि मी पाण्यात उतरतो, रोपे ओढून काठावर वाळवतो, खताच्या खड्ड्यात पुरतो. बाबा आता पाण्यात उतरत नाहीत. पाळीवर बसून कोठे राहिले ते दाखवतात. गेल्या वर्षी पूर्वेच्या कोपऱ्यात त्यांच्या नातवाने शिंगाड्याचे वेल सोडले. कमळ अजून आलेले नाही. यंदाही ते बाजारातूनच आणावे लागेल.