फोटोग्राफीची वन-टू-वन शिकवणी: समोरासमोर की ऑनलाइन?

हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्यात बसून पुण्या-मुंबईच्या फोटोग्राफरकडे शिकता येतं का? येतं. फरक इतकाच, की समोरचे सर तुमचा हात आणि प्रकाशाची दिशा जागेवर पाहतात. ऑनलाइन सरांना दिसतो फक्त काढून झालेला फोटो. म्हणून तो पाठवायचा कसा, हे आधी शिका. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला तर फोटो लहान होतो आणि शटर स्पीड, अ‍ॅपर्चर, आयएसओची नोंद (एक्झिफ) पुसली जाते. शटर १/१५ सेकंदावर होतं म्हणून फोटो हलला, हे मग सरांना कळणार कुठून? 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नोंद टिकते.

फी भरण्याआधी विचारा: माझे फोटो तपासणार का? नुसती लेक्चर्स यूट्यूबवर फुकट आहेत. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या असतील तर मात्र एखाद्या फोटोग्राफरच्या हाताखाली मांडवात उभं राहावं लागेल.