काळ्या पाषाणाच्या पोटात

२०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. लोकांनी घराबाहेर रात्री काढल्या. त्या दिवसांत सालवडच्या एका आजोबांनी आम्हांस विचारले, "फादर, आपल्याखाली ज्वालामुखी जागा होतोय का हो?" प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. येथे विहीर खणताना मुरुमाखाली जो काळा पाषाण लागतो, तो थिजलेला लाव्हारसच आहे.

मात्र तो अग्नी केव्हाच विझला. आज भारतात जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातील बॅरन बेटावरचा. आपल्याकडे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमी लांबच लांब भेगांनी उलली आणि लाव्हारस पुरासारखा पसरला. थरावर थर साचले. त्यांनी आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापलेली आहे. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई याच थरांचे. वसईहून गोव्यास नेलेला हाच पाषाण बॉम जेझूच्या दर्शनी भागात बसविलेला आहे, हे आमच्या वाचकांस ठाऊक असेलच.

परंतु हे उद्रेक अखंड चालले नाहीत. घाटातील कड्यांत काळ्या थरांमध्ये कोठे कोठे विटकरी पट्टा दिसतो. बहुतेक ठिकाणी तो मधल्या शांततेचा पुरावा असतो: ऊन-पावसाने खडक झिजला, त्याची माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्याखाली ती गाडली गेली.

त्या मातीत कोण राहत होते? नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी शहराजवळच्या टाकळी येथे अशाच मधल्या थरांतून फळे, बिया, गोड्या पाण्यातील शंख व कीटकांचे अवशेष वेचले. १८५५ साली लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या त्रैमासिकात त्यांचा लेख आला. धर्मकार्याच्या धबडग्यात दगड फोडीत बसणारा हा मनुष्य आम्हांस फार जवळचा वाटतो. १८६३ साली, टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना, ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला.

आपल्या अधिक जवळचा दाखला मुंबईतील वरळीच्या टेकडीचा. तेथील मधल्या थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. थिजलेल्या लाव्ह्यावर गोड्या पाण्याचे तळे साचले होते, आणि त्यात बेडूक नांदत होते. आजोबांना आम्ही तेच सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे विस्तवावर पाऊस पडला."